मानाचं काळीज

नीट बस गो सायली. तो फोन पालथा घाल, हे कागद मांडीवर घे आणि आधी माझी बोलणी खा, मग गोष्ट. परवा केवढ्या हौसेने मला फोनवर सांगितलंस, "आत्याआजी, पाचवा लागला, सगळं नॉर्मल आहे. फक्त रक्त जरा कमी आहे म्हणाले." फक्त! घरातली कोथिंबीर संपल्यासारखं सांगितलंस. मी विचारलं, खातेस काय? तर म्हणे सकाळी काही जात नाही, ऑफिसात चहा-बिस्किटं, दुपारी निम्मा डबा, रात्री कंटाळा आला की ते पाकिटातलं शेवयांसारखं काहीतरी. आणि सासूबाईंनी सांगितलं म्हणून अंडं बंद, मासळी बंद, मेथी बंद, शेवगासुद्धा बंद. का, तर उष्ण पडतं. अगं, तुम्ही राहता उलव्याला, गुळगुळीत लिफ्टने वर जाता, खिडकीतून विमानं दिसतात तुम्हाला. तिथपर्यंत हे उष्ण पडणं चढून आलं कसं? मी फोन ठेवला तो हातातून आपटलाच. म्हातारपणाने नव्हे, रागाने. याच पथ्यापायी तुझ्या आजीचे, म्हणजे माझ्या वहिनीचे डोळे जायला आले होते, आणि तुझा बाप तेव्हा तिच्या पोटात होता. तुला हे कुणी सांगितलं नसणार. आपल्या घरात ही गोष्ट सांगतात ती वेगळीच सांगतात, आणि ती खोटी आहे. म्हणून मी लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं वाचन मासळी बांधायच्या रद्दीवर झालंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी होतं. आता तिथे विमानतळाची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे सपाट सिमेंट, त्यामुळे दाखवायला काही नाही, ऐक फक्त. दारासमोर भाताची खाचरं, मग खाडीचं खारं पाणी अडवणारा खारबांध, आणि बांधापलीकडे चिखल, तिवरं, पाणी. सकाळी जाग यायची ती आईच्या हातच्या भाकरीच्या थापांनी. तांदळाची भाकरी, पाण्याचा हात लावून काथवटीत थापायची, तव्यावर टाकली की चर्र व्हायचं आणि मग ती टम्म फुगायची. मागच्या अंगणात पाटा-वरवंटा. ओलं खोबरं, लसूण, मिरची वाटताना तो असा घर्र घर्र बोलायचा की आज कालवण कशाचं ते मी वासाआधी आवाजावरून ओळखायची. चिंबोऱ्यांचं वाटण वेगळं वाजतं, खरंच सांगते. बा आणि दादा भरती-ओहोटी बघून खाडीत जायचे. कोळंबी, निवट्या, बोईट, कधी नशिबाने जिताडा. चांगलं ते आई पाटीत घालून पनवेलच्या बाजारात न्यायची, उरलेलं घरात. पण उरलेलंही काय कमी होतं! कोंबड्या अंगणभर. दाराशी शेवगा, इतका माजलेला की त्याच्या फांद्या कौलांवर लोळायच्या. बांधावर माठ आणि कुर्डूची भाजी आपोआप उगवायची. थंडीत वालाच्या शेंगा, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावायचो, तो वास तुमच्या त्या मॉलमध्ये कुठे मिळेल? हे सगळं मी का सांगते? तर आमच्या घरात खाण्याची टंचाई नव्हती, हे तुझ्या डोक्यात आधी पक्कं बसावं म्हणून. गरिबीने झालं असतं तर मी रडले असते आणि विसरले असते. हे गरिबीने झालं नाही, म्हणून मी अजून तापते.

टंचाई पाटावर होती. पहिल्या पंगतीला बा, दादा आणि कुणी आलं-गेलं. त्यांना मासळीचे मधले तुकडे. मग आम्ही पोरं, शेपटाकडचं. मग आई. आणि सगळ्यात शेवटी वहिनी, चुलीशी तोंड करून, भिंतीकडे वळून, कालवणाच्या तळाला भाकरीचा तुकडा फिरवत. नवी सून घासावर घास घेताना दिसता कामा नये, असा नियम. ती कशी जेवते हे आमच्या घरात कुणी पाहिलेलंच नव्हतं. मी पाहायची, कारण भांडी घासायला तिच्याबरोबर मी असायची. तिचं ताट घासायलाच लागायचं नाही. वहिनी उरणकडची, हसरी, बडबडी, माझ्याहून फार मोठी नव्हे. आम्ही दोघी विहिरीवर गेलो की तिची गाणी सुरू व्हायची, घराच्या उंबऱ्यात आली की बंद.

तिला दिवस गेले आणि पथ्य सुरू झालं. अंडं उष्ण. कोळंबी उष्ण. निवट्या तर चिखलातल्या, पोराच्या अंगाला खाज सुटते. पालेभाजी वातूळ, पोट फुगतं. वाल नको, शेवगा नको. वर आणखी एक, पोटभर खाऊ नकोस, पोर मोठं झालं तर अडेल. तेव्हा वहिनीने काय खायचं? भात आणि मीठ. बदल म्हणून पेज. सणाला आमसुलाचं सार. आईला मी दुष्ट म्हणणार नाही हं. तिची सख्खी बहीण बाळंतपणात अडून गेली होती, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. त्या दिवसापासून आईच्या डोक्यात बसलं होतं की मोठं पोर म्हणजे मरण. ती वहिनीच्या भातावरून हात फिरवून वरचा ढीग परत टोपात काढायची ती मायेनेच. सायली, मला सगळ्यात जास्त चीड येते ती ह्याचीच. वैराने उपाशी ठेवलं असतं तर वहिनी भांडली असती. मायेने ठेवलेल्या उपाशी बाईने भांडायचं कुणाशी?

भाताची कापणी उरकली आणि वहिनी धडपडायला लागली. दिवसा ठीक. पण तिन्हीसांजा झाल्या, दिवा लावायची वेळ आली की चौकटीला खांदा आपटायचा. हंड्यात पाणी ओतायची ते हंड्याच्या बाजूला. एकदा तिने बाच्या भाकरीवर कालवण वाढायचं ते पाटावर वाढलं. बा ओरडला, "डोलं फुटलं काय?" दादा हसला. मीही हसले, सगळेच हसले. वहिनी पदराने पाट पुसत राहिली. मग चिडवणं सुरू झालं. दादा तिला "आंधली कोशिंबीर" म्हणायचा. आई म्हणायची, "सुस्ती आली बाईला." आणि वहिनी दिवेलागणीआधी सगळी कामं उरकायची धडपड करायची, म्हणजे त्या वेळेला तिला भिंतीशी टेकून बसता येईल.

एका संध्याकाळी खारबांधावरून लाकडांची मोळी घेऊन येताना ती घसरली आणि सरळ खालच्या चिखलात गेली. मी मागे होते. पायाला शिंपला लागून तळवा फाटला. पोटाला काही झालं नाही, एवढं नशीब. पण तिने मला धरलं तेव्हा तिचा हात आधी हवेत चाचपला, मग माझ्या खांद्यावर आला. मी म्हटलं, "वयनी, मी हितंच हाय की." तर ती म्हणाली, "व्हय, दिसली ना तू." खोटं बोलली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

जखम चिघळली म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईने बाजाराला जाताना आम्हा दोघींना बरोबर घेतलं, ती मासळीच्या ओट्यावर बसली आणि आम्हाला दवाखान्यात धाडलं. पनवेलच्या त्या दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई होत्या. जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा सरळ बसायची. त्यांनी पाय बांधता बांधता विचारलं, पडलीस कशी? मीच म्हटलं, "ती रोज धडपडते, सांजच्याला." डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. त्यांनी वहिनीची पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली.

"संध्याकाळी दिसतं का तुला?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "दिवा लावायच्या टायमाला सगला धुरकट व्हतं. मना वाटला, पोटुशी बाईला असाच व्हतं."

"काय खातेस?"

"भात."

"भाताबरोबर?"

"मीठ."

"आणि तुमच्या घरात शिजतं काय?" हे त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं, पोरच ना मी, अभिमानाने सांगितलं. निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या, कोंबड्या हायेत, अंडी हायेत, शेवगा दारात हाय. बाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. "मग ही सासरी आहे की तुरुंगात?"

त्यांनी मला समोर उभं केलं आणि लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं सांगितलं. ह्याला रातांधळेपण म्हणतात. अंगाला जे लागतं ते मिळालं नाही, पोटातलं पोर आईच्या अंगातलं ओढून घेतं, आणि आधी डोळे सांगतात. आणखी असंच चाललं तर दिवसाचंही जाईल, आणि बाळंतपणात हिच्या अंगात झुंजायला रक्तच नसेल. औषधाच्या गोळ्या संपल्यात, पुढच्या खेपेला येतील, पण तोवर थांबू नका. काळीज द्या हिला. कोंबडीचं, बकऱ्याचं, मिळेल ते. अंडं द्या. शेवग्याचा पाला, माठ, मासळी. "घरी जाऊन सांगशील?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सांगेन. (आणि हो, काळीज म्हणजे तुमच्या दुकानातली ती कलेजी. तू हे वाचून लगेच कलेजी आणायला धावू नकोस. पोटुशी बाईने ती किती खावी ह्याचं माप असतं, जास्तही वाईट, असं आताचे डॉक्टर सांगतात. तुझ्या डॉक्टरला विचार, ती सांगेल ते. अंडं आणि पाला मात्र मी सांगते.)

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "ती काय बालंतपन कराला येनार हाय काय? अडली म्हंजे मना बघाचं हाय." बा म्हणाला, डॉक्टरांना काय, ते माणसाला खायलाच सांगतात. दादाचं बोलणं बायकोला चिडवण्यापुरतं, वडिलांसमोर तोंड उघडलं तर मर्दपणा कमी होईल अशी त्याला भीती. त्याच आठवड्यात शेजारच्या बायकांनी ठरवून टाकलं की वहिनी भर सांजेची बांधावरून आली, तिथे तिला काहीतरी लागलंय. आणि ज्या बाने डॉक्टरीणबाईंच्या फुकटच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, तो स्वतः चालत जाऊन भगताला घेऊन आला. भगताने तांदळाचे दाणे टाकले, डोळे मिटले, आणि सांगितलं की बांधावरच्या देवाला कोंबडा लागेल. तांबडा. तुरेवाला.

तो कोंबडा मी पिलापासून वाढवलेला, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला! मी मनात म्हटलं, कोंबडा वहिनीच्या नावाचा आहे, म्हणजे त्याचं काळीज वहिनीला. अगदी बरोबर जुळलं. देव आणि डॉक्टरीणबाई एकच सांगताहेत. इतकी भोळी होते मी.

बांधावर कोंबडा कापला, घरी आणला, आईने रस्सा केला. आमच्याकडे चाल अशी की काळीज रश्श्यात टाकायचं नाही. ते वेगळं काढून निखाऱ्यावर मीठ-मिरची लावून भाजायचं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायचं, देवाला दाखवायचं, आणि मग ते मानाचं काळीज पंगतीतल्या मानाच्या माणसाला द्यायचं. त्या दिवशी मान भगताचा, आणि त्याच्यातलं अर्धं बाचं. दुपारची वेळ, ओटीवर पंगत बसलेली. भगत, बा, दादा आणि भावकीतले पुरुष. खमंग वास सुटलेला. वहिनी आत, मागच्या पडवीत, तिच्या पुढ्यात भात आणि मीठ. तिच्याच नावाने कापलेल्या कोंबड्याचा रस्सासुद्धा तिला वर्ज्य, उष्ण म्हणून! आईने पानाचा तुकडा माझ्या हातात दिला. "जा, भगतांच्या पानात ठेव."

मी ओटीच्या दाराशी गेले. भगत मिशीवरून हात फिरवत होता. बा त्याला म्हणत होता, "सून बरी झाली पायजे हं, पयला नातू हाय." आणि सगळ्यांची नजर माझ्या हातातल्या पानाकडे. मला काय झालं मला ठाऊक नाही. मी वळले. तशीच चुलीवरून, आईच्या अंगावरून पडवीत गेले आणि वहिनीपुढे बसले.

"वयनी, खा."

"काय आनलंस? वेडी झालीस? मना मारतील गो."

"मना मारतील, तुला नाय. तोंड उघड."

"लीले, देवाचा हाय ता."

"तुझ्या नावाचा हाय." आणि मी तो तुकडा तिच्या तोंडात कोंबला. तिने माझा हात धरला, ढकलायला धरला असेल, पण चव लागल्यावर तिने तो सोडलाच नाही. डोळे मिटून ती चावत होती. बाईमाणसाला असं खाताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुसरा तुकडा तिने स्वतः उचलला.

आई आली. तिने पान बघितलं, रिकामं. माझ्या कानाखाली अशी लावली की शेवग्यावरचे कावळे उडाले असतील. मी रडले नाही. ओरडले. इतक्या मोठ्याने ओरडले की ओटीवर ऐकू गेलं, "डॉक्टरीणबाईनी सांगितलं व्हतं! तिला दिसत नाय! तुमी सगले गिळता नि तिला दिसत नाय!"

ओटीवरचं जेवण थांबलं. मग भगताचा आवाज आला, जड, देवळातला. "देवाचा घास बाईमानसानं खाल्ला. आता मी हात झटकले. पुढं काय झाला त मना बोलवायचा नाय." पाट सरकल्याचा आवाज. भगतामागोमाग बाही उठला असावा, कारण आई एकदम पुढे झाली. डोक्यावर पदर ओढून ती ओटीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. पुरुषांच्या पंगतीसमोर आई कधी बोललेली मी पाहिली नव्हती. मी दाराआडून बघत होते, कानात अजून भुंगा वाजत होता.

"भगतानू, येक इचारू काय?"

"काय?"

"देव जागता हाय ना आपला?"

"मंग! जागता नाय तर काय?"

"मंग त्याच्या मनात नसला, त त्याचा घास दुसऱ्या कुनाच्या तोंडात जाईल काय?"

भगत पेचात पडला. जाईल म्हणावं तर देव झोपलेला ठरतो. "नाय जानार," तो म्हणाला.

"मंग त्यालाच हिच्या तोंडून खावासा वाटला असंल."

भगताच्या पानातला रस्सा निवत होता, वर तेलाचा तवंग धरत होता, आणि त्याचं लक्ष तिकडे होतं, मी शपथेवर सांगते. तेवढ्यात दादा, आमचा मुका दादा, खाली बघूनच बोलला, "आई बरोबर बोलते." भगताने मान डोलावली. "असंल. देवाची मर्जी कुनाला कलते?"

आईने सोडलं नाही. "मंग बालंत व्हईपरेंत त्याला हिच्याच तोंडून खायचा असंल. काय काय लागंल त्याला, आताच सांगा, मंग चूक नको. अंडा चालंल?"

"चालंल."

"मासली?"

"चालंल की. देव खाडीचाच हाय."

"शेवग्याचा पाला?"

भगत पाटावर परत बसला, भाकरी मोडली आणि पहिला घास रश्श्यात बुडवत मोठ्या रुबाबात म्हणाला, "पाला पन चालंल."

अशी तुझी आजी जेवायला लागली. त्या दिवसापासून तिच्यासाठी वेगळं पान मांडलं जायचं, सगळ्यांच्या आधी, देवाचा मान म्हणून. रोज अंडं. शेवग्याचा पाला कांद्यावर परतून. निवट्यांचं कालवण, माठ, बाजारातून आई कधी बकऱ्याचं काळीज आणायची. बा स्वतः विचारायचा, "देवाला वाढला काय?" आणि काही दिवसांतच, मी दिवेलागणीला चिमणी पुसून लावत होते, वहिनी पडवीतून आली, माझ्याकडे बघून थांबली आणि हसायला लागली. "लीले, नाकाला काजली लागली बघ तुझ्या. मांजरीसारखी दिसतंस." मी नाकावर बोट फिरवलं, काळं झालं. मी तिच्या गळ्यात पडले आणि तिलाही काळं केलं. आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तिने वळून पाहिलं नाही, पण भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

मी आईला विचारलं होतं, त्या पंगतीच्याच दुपारी, भांड्यांच्या ढिगापुढे बसून, "आई, तू डॉक्टरीणबाईंचाच ऐकलास ना?" ती म्हणाली, "कोन डॉक्टरीन? परात घास नीट." मरेपर्यंत तिने कबूल केलं नाही. आता मला कळतं तिने काय केलं. कानाखाली मारल्यावर ते रिकामं पान आणि वहिनीचं तोंड तिने बघितलं, आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंतच्या चार पावलांत तिने बहिणीच्या मरणाची भीती बाजूला ठेवली आणि भगतालाच धरला. हुशार होती माझी आई. पण माझा राग तिथेच आहे बघ, त्या हुशारीपाशी. एका घरातल्या बाईने दुसऱ्या घरातून आणलेल्या पोटुशी पोरीला अंडं द्यायचं, तर त्यासाठी तिला एवढी हुशारी का लागावी? पोरीला भूक आहे, हे कारण पुरत नव्हतं. पोरीचे डोळे जाताहेत, हे कारण पुरत नव्हतं. डॉक्टरीण पुरली नाही. देवाला भूक लागली तेव्हा कुठे माझ्या वहिनीला जेवण मिळालं.

तुझा बाप जन्मला तो चांगला गुटगुटीत, आणि अडला बिडला नाही. बारशाला भगताला धोतर, फेटा, नारळ. बा प्रत्येकाला सांगत होता, कोंबडा लागू पडला. अजूनही भावकीत कुणाच्या लग्नात गेले की एखादा म्हातारा सांगतो, तुमच्या घरातल्या सुनेला आंधळेपण आलं होतं, भगताने उतरवलं. मी तिथल्या तिथे भांडते. लोक म्हणतात, आत्या तापट आहे. आहेच. डॉक्टरीणबाईंचं नावसुद्धा कुणी काढत नाही. वहिनी मात्र पोर मांडीवर घेऊन एकदा अंड्यांची टोपली त्यांच्याकडे देऊन आली, कुणाला न सांगता, मला घेऊन. बाईंनी पोराला उलटं-सुलटं करून बघितलं आणि वहिनीला म्हणाल्या, "अंडी इथे कशाला आणलीस? तू खा." आणि टोपली परत दिली.

वहिनीच्या हाती चूल आली तेव्हा तिने एकच गोष्ट बदलली, आणि ती कुणाशी चर्चा न करता. घरात जी पोटुशी असेल, जी अंगावर पाजत असेल, ती आधी जेवणार. तुझ्या आईला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती लाजून उभी राहिली, तर वहिनी तिला म्हणाली, "आधी तू बस. मंग वाढ." तुझी आई अजून आधी जेवते आणि तुमचे नातेवाईक नाकं मुरडतात ना? मुरडू देत. वहिनी गेली ती चांगली पिकून गेली, शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची.

आणि ज्याच्यासाठी एवढं झालं तो तुझा बाप! न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात खुर्चीवर बसून आयुष्यभर वडापाव आणि गोड चहा. साखर झाली, दाब झाला, पाय सुन्न पडतात. परवा माझ्याकडे आला तर पिशवीत कसली बिस्किटं, वर लिहिलंय मधुमेहींसाठी. मी म्हटलं, मेल्या, बिस्किटावर लिहिलेलं वाचतोस, भाकरीवर लिहिलेलं नसतं म्हणून खात नाहीस काय? हसतो. आमच्या वेळी भगत होता, तुमच्या वेळी पाकीट आहे. पुढून कुणीतरी रुबाबात सांगायला लागतं की चालेल, मगच तुमच्या घशाखाली उतरतं. शेवगा आता पनवेलच्या बाजारात जुडीने मिळतो, पाला तर भाजीवाली फुकट देते, नाहीतर टाकून देते. टाकून देते गो! मी रोज संध्याकाळी पिशवी घेऊन जाते आणि घेऊन येते, बिल्डिंगमधल्या पोरी म्हणतात, आजी बकरी पाळलीय का?

तेव्हा सायली, लोहाच्या गोळ्या दिल्यात त्या चुकवू नकोस, पण गोळी गिळली म्हणजे जेवण झालं असं समजू नकोस. खुर्चीवर बस, ताट पुढ्यात घे, आणि कुणी काय म्हणतंय ह्याकडे बघू नकोस. तुला भूक आहे, एवढं कारण पुरे.

आणि लवकर ये. ह्या रविवारी नाही तर पुढच्या, पण त्याहून उशीर करू नकोस. वालाच्या शेंगा आल्यात, निवट्यावालीला मी सांगून ठेवलंय. सासूबाईंनाही बरोबर आण. घाबरू नकोस, मी त्यांच्याशी भांडणार नाही. पहिलं अंडं मी त्यांच्याच पानात वाढीन. तुझ्या वेळेला त्या एवढ्या भितात, म्हणजे त्यांच्या वेळेला कुणीतरी त्यांच्यापुढे नुसता भात आणि मीठच ठेवलं असणार. दोघी या.